कुसाबाईच्या पानावर काय वाढायचं

वर्षातला एक दिवस मी झुंबरबाई असायचे. एरवी मी सिडकोतल्या रो-हाऊसमध्ये राहणारी एसटीतल्या कंडक्टरची बायको, तोंडानं फटकळ आणि खाण्याची शौकीन. पण पितृपक्षातल्या नवमीला शेजारचे लोक मला पाटावर बसवायचे, पाय धुवायचे, हळदीकुंकू लावून ओटी भरायचे आणि पान वाढून मेलेल्या बाईच्या नावानं हाक मारायचे. अविधवा नवमी म्हणतात तिला. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईच्या नावानं त्या दिवशी सवाष्ण जेवू घालतात. सवाष्ण जेवली की गेलेली जेवली.

हे माझ्या गळ्यात पडलं एक्क्याण्णव साली. आम्ही नुकतेच तिथं राहायला आलो होतो. दुपारी मागच्या अंगणात धुणं वाळत घालत होते, तर मधल्या बुटक्या भिंतीवरून शेजारीण डोकावली. काळीसावळी, हाडापेरानं मजबूत, पण आवाज असा की दुसऱ्याच्या घरात चोरून बोलल्यासारखा.

"वहिनी, जरा येता का? पान वाढून ठेवलंय अन् सवाष्णच नाय."

ठरलेल्या सवाष्णीला ऐन वेळी अडचण आली होती. मला सकाळपासून पलीकडच्या वड्यांचा आणि कढीच्या फोडणीचा वास येत होता, त्यामुळे मी फार आढेवेढे घेतले नाहीत. साडी बदलून गेले. जेवण होत आलं तेव्हा ती शेजारीण माझ्यासमोर हात जोडून बसली आणि म्हणाली, "झुंबरबाय, पोट भरलं का?"

शेजारी बसलेली म्हातारी, म्हणजे तिची मोठी नणंद पुतळाबाई, मला कोपरानं ढोसून म्हणाली, "भरलं म्हणा. तसं म्हणावं लागतं."

"भरलं," मी म्हणाले. तेव्हापासून दरवर्षी म्हणत आले.

ती शेजारीण म्हणजे कुसाबाई. सातपूरच्या कंपनीत फिटर असलेल्या सावळीरामची दुसरी बायको. पहिली झुंबर, सटाण्याकडची. ती दोन वर्षांपूर्वी कसल्याशा तापानं गेली, तेव्हा पोरगी मोहिनी चार वर्षांची होती. पोरीला कोणी बघायला हवं म्हणून पुतळाबाईनं घाईघाईनं त्र्यंबकच्या पलीकडल्या डोंगरातली ही मुलगी शोधून आणली. बापाला हुंडा झेपला नाही म्हणून लग्नाचं वय उलटून गेलेलं. बिजवराला दिली, आणि वर ‘नशीब काढलंस’ म्हणून सगळ्यांनी तिलाच ऐकवलं.

तिच्या गळ्यात मंगळसूत्राशेजारी काळ्या दोऱ्यात एक चांदीचा टाक असायचा, नखाएवढा, त्यावर उभी बाई कोरलेली. तो झुंबरचा टाक. दुसरेपणाच्या बाईनं सवतीला असं गळ्यात बाळगायचं असतं. नवी साडी आली की आधी त्या टाकाला दाखवायची, मग नेसायची. माझ्यासारखीला हे जमलं नसतं. मी तर जिवंत जावेला साडी दाखवताना दहादा विचार करते. कुसाबाई मात्र दिवाळीच्या साडीची घडी टाकाजवळ नेऊन म्हणायची, "बघ गं बाई, रंग बरा हाय का?" आणि खरंच उत्तराची वाट पाहिल्यासारखी थांबायची.

मोहिनी तिला मावशी म्हणायची. पुतळाबाईनंच तसं शिकवलं होतं. "आई एकच असते," असं म्हातारी पोरीसमोर, कुसाबाईसमोर, भांडी घासता घासता सहज बोलून जायची. कुसाबाई पोरीची वेणी घालायची, गृहपाठाला बसवायची, तापात उशाशी बसून राहायची. दोन वर्षांनी तिला दिवस गेले आणि पाचव्या महिन्यात रिकामी झाली. त्यानंतर काही झालं नाही. एकदा कोजागिरीसाठी आम्ही दोघी ओट्यावर चारोळ्या निवडत बसलो होतो, तेव्हा ती मला म्हणाली, "वहिनी, मला काय बी नको. फकस्त तिनं येकदा आई म्हनावं. पाय धरून म्हनायला लावलं तर ते नाय धरायचं. आपसूक म्हनावं."

चारोळ्या निवडून झाल्या, दूध आटलं, गच्चीवर सगळ्यांनी प्यायलं. मोहिनीनं दोनदा मागून घेतलं आणि "मावशी, अजून दे ना" म्हणाली. एवढंच.

नवमीच्या पानाचा एक नियम होता. बाकी स्वयंपाक काहीही असो, गेलेल्या बाईच्या आवडीचा एक पदार्थ पानात हवाच. नाहीतर ती जेवत नाही, उपाशी परत जाते. पहिल्याच वर्षी कुसाबाईनं नवऱ्याला विचारलं होतं की तिला काय आवडायचं. सावळीराम बिचारा सरळ माणूस, कंपनीतून आला की पेपर घेऊन खाटेवर आडवा. त्यानं छताकडे बघितलं आणि म्हणाला, "खीर. तांदळाची." म्हणून दरवर्षी झुंबरच्या नावानं वाटीभर घट्ट खीर व्हायची आणि मी ती चाटूनपुसून खायचे. मला ती आवडायची, हे सांगायला नको.

मोहिनी आठ वर्षांची झाली त्या वर्षीची नवमी. ती माझ्यासमोर पाटाशी येऊन बसली आणि पान निरखून बघायला लागली. वडे, भजी, अळूच्या वड्या, गवार-भोपळ्याची भाजी, कढी, खीर. मग म्हणाली, "आईची पोळी कुठंय?"

"ही काय, पुरणपोळी हाय ना," कुसाबाई म्हणाली.

"ही नाही. आईची मोठ्ठी असायची. ती अशी हातावर घ्यायची." तिनं दोन्ही हात पुढे पसरले. "इथपर्यंत." आणि कोपराला हात लावून दाखवला. "पांढरी होती. तिच्यातून मला आईचा हात दिसायचा."

चार वर्षांच्या पोराला आईचा चेहरा आठवत नाही म्हणतात. मोहिनीलाही आठवत नव्हता, फोटो बघून सांगायची. पण पोळीखालचा हात तिला आठवत होता.

"मांडा म्हणतेय ती," पुतळाबाई म्हणाली. "खापरावरचा. सटाण्याकडं करतात. तुला नाही जमायचं ते, कुसा. तुम्ही डोंगरातली माणसं, तुमचा हात नागलीच्या भाकरीला."

ती बोलली ते खोटं नव्हतं. लग्न होऊन आली तेव्हा कुसाबाई सोबत नागलीचं, म्हणजे नाचणीचं, पीठ घेऊन आली होती. पहिल्या आठवड्यात तिनं एक भाकर थापली तर मोहिनी ‘काळी, काळी’ करत पळाली आणि पुतळाबाईनं पिठाचा डबा माळ्यावर टाकला. परत तो कधी खाली आला नाही. नागली गेली, उडदाच्या पिठाचं घट्ट भुजं गेलं, नव्या तांदळाचा त्यांच्याकडचा चिकट भात गेला. या घरात बाजरी चालायची, म्हणून तिनं बाजरी शिकून घेतली. आता मांडे शिकायचे ठरवले.

त्या दिवाळीत भाऊबीज झाल्यावर कुसाबाई सटाण्याला निघाली, झुंबरच्या माहेरी. मला सोबत चला म्हणाली. आमच्या ह्यांची ड्यूटी त्याच मार्गावर होती, म्हणून गेले. वाटेत सारखी पदराच्या टोकाला गाठ मारत होती आणि सोडत होती. "हाकलून दिलं तर?" तिनं मला विचारलं. मी म्हटलं, "हाकलून दिलं तर परतीची गाडी आहेच, कंडक्टर आपलाच आहे."

झुंबरची आई नवसाबाई दारातच कांद्याचं रोप बांधत बसली होती. कुसाबाई काही न बोलता पायांपाशी वाकली. वाकताना गळ्यातला टाक पुढे लोंबला. म्हातारीनं तो हातात धरला, मातीच्या अंगठ्यानं पुसला आणि कितीतरी वेळ सोडलाच नाही. कुसाबाई तशीच वाकून राहिली.

मग म्हातारी म्हणाली, "ये माय, घरमां ये. तू बी मनी पोरच शे."

आम्ही तिथं चार दिवस राहिलो. चुलीवर मातीचं खापर उपडं घातलेलं, खाली जाळ. गहू भिजवून, वाळवून, दळून, पातळ कपड्यातून चाळलेलं पीठ. त्याची कणीक इतकी मळायची, इतकी आपटायची की ती रबरासारखी ताणली पाहिजे. दोन पुऱ्यांमध्ये पुरण भरायचं, कडा दाबायच्या आणि मग तो गोळा दोन्ही हातांवर घेऊन झेलत, फिरवत, वाढवत न्यायचा. मनगटावरून कोपरापर्यंत पसरला की अल्लद खापरावर टाकायचा. नवसाबाई करायची तेव्हा ते खेळासारखं दिसायचं. कुसाबाईनं घेतला की मध्यावर भोक पडायचं, पुरण चुलीत सांडायचं. एकदा फाटलेला मांडा सावरायला गेली आणि उजवा हात खापराला टेकला. मनगटापासून वर लांबच लांब पट्टा भाजला.

"हात घाबरस तुना," नवसाबाई तिच्या हाताला तूप लावत म्हणाली. "हात घाबरना का पोयी फाटस. ढिला सोड."

निघताना कुसाबाईनं तिला खिरीबद्दल विचारलं, की दाट आवडायची का पातळ. म्हातारी आ वासून बघत राहिली. "खीर? तिले तं दूधना वासबी नही चाले. खीर जवाईले आवडस."

मी बसमध्ये घोटीपर्यंत ऐकू जाईल एवढी हसले. इतकी वर्षं झुंबरबाईचा आत्मा नाक मुरडत होता आणि खीर मी आणि सावळीराम मिळून संपवत होतो. कुसाबाईही हसली, पण लगेच तिचा चेहरा उतरला. "म्हंजी ती इतकी सालं उपाशीच गेली, वहिनी," ती म्हणाली. तिला ते खरोखर लागलं होतं. सटाण्याहून आणलेलं खापर तिनं मांडीवर घेतलं होतं, पोर घ्यावं तसं दोन्ही हातांनी धरून.

मागच्या अंगणात तीन विटा मांडून तिनं चूल केली. त्यानंतरचे कितीतरी शरद ऋतू मी त्या चुलीच्या धुरातून पाहिले. पाऊस सरला, आकाश स्वच्छ झालं, की हिची तयारी सुरू. पितृपक्षाच्या आधी गहू भिजायचे. नवमीला मांडा फाटायचा. मग घट बसायचे, वणीला जाणाऱ्या पायी माणसांचे जथे हायवेनं निघायचे, हिचा नऊ दिवसांचा उपास, तरी चुलीशी सराव चालूच. दसऱ्याला फाटायचा, दिवाळीला फाटायचा. फाटलेले मांडे कुसाबाई खायची. तिचं ठरलेलं होतं. त्यातल्या त्यात बरे मोहिनीला, सावळीरामला, भिंतीवरून आम्हाला, आणि चिंध्या झालेले, जळके, पुरण सांडून कोरडे पडलेले ती स्वतः सगळ्यांची जेवणं झाल्यावर चुलीपाशी उकिडवं बसून संपवायची. मी म्हणायचे, "अहो बसून तरी खा." ती म्हणायची, "मला कुटं कुनी वाढून ठिवलंय, वहिनी. चालतंय."

तिच्या दोन्ही हातांवर चट्टे पडले. मोहिनी मोठी होत होती. शाळेच्या बसमधून उतरली की आधी अंगणात येऊन विचारायची, "आज झाला?" कुसाबाई नाही म्हणून मान हलवायची. पोरगी कणकेचा गोळा धरायला, जाळ मागे-पुढे करायला बसायची. बोलायच्या दोघी. हसायच्याही. बाहेरच्याला त्या मायलेकीच वाटल्या असत्या. पण हाक मावशीच.

अठ्ठ्याण्णवची नवमी. मी पाटावर बसले होते, पाय धुऊन झाले होते, आणि मागच्या दारातून कुसाबाई आली. दोन्ही हात पुढे पसरलेले, कोपरापर्यंत, आणि त्यावर भाजलेला अख्खा मांडा, ओढणीसारखा पातळ. एकही भोक नव्हतं. ती चालत नव्हती, पाय सरकवत होती. मोहिनी दाराशी उभी होती, तेरा वर्षांची. तिनं मांड्याकडे पाहिलं आणि मग त्याच्याखालून दिसणाऱ्या हातांकडे पाहिलं. तिचा चेहरा असा झाला की मी पानावरून उठणारच होते.

कुसाबाईनं मांडा घडी घालून माझ्या पानात ठेवला आणि दुसरा मोहिनीला दिला. पोरीनं एक घास खाल्ला. तिचे डोळे भरून आले. कुसाबाई तिच्यासमोर जमिनीवर बसली होती, घामानं निथळलेली, श्वास रोखून. मला माहीत होतं ती कशासाठी थांबलीय. त्या घरात त्या क्षणी ते फक्त मला आणि तिला माहीत होतं.

"असाच," मोहिनी म्हणाली. "माझी आई अगदी असाच करायची, मावशी."

मला इतका संताप आला. कोणावर, ते मात्र सांगता येईना. पोरीवर कसा येणार, ती तर रडत होती. रीतीप्रमाणे कुसाबाईनं माझ्यापुढे हात जोडले, "झुंबरबाय, पोट भरलं का?" आणि मी दात ओठ खाऊन "भरलं" म्हणाले.

संध्याकाळी भिंतीपाशी मी तिला म्हटलं, "इतकं करून तिनं काय म्हटलं, ऐकलंत ना?"

"तसाच झाला म्हनली की," कुसाबाई म्हणाली. ती हसत होती. खरंच आनंदली होती आणि डोळे पुसत होती. "झुंबर आज जेवली वहिनी. मला बरं वाटलं." थोड्या वेळानं, चुलीतली राख काढताना, माझ्याकडे पाठ करून म्हणाली, "वाईट बी वाटलं. पर तुमाला म्हनून सांगते."

त्यानंतर तिनं कधी तो विषय काढला नाही. मांडे मात्र दरवर्षी जमायला लागले. सटाण्याची नवसाबाई दिवाळीला तिला लेकीसारखी साडी-चोळी पाठवायची, आणि तीही आधी टाकाला दाखवून मगच नेसायची. मोहिनी दहावी झाली, कॉलेजात गेली.

दोन हजार एकच्या दिवाळीत कुसाबाईचा फराळाला हात लागेनासा झाला. म्हणजे करत होती सगळं, पण खात नव्हती. पोटात दुखायचं, ते तिनं किती महिने अंगावर काढलं देव जाणे. दवाखान्यात नेलं तेव्हा गाठ बरीच वाढली होती. घरी आणलं. मी रोज जायचे. जो येईल तो तिला एकच विचारायचा, काय खावंसं वाटतं. सावळीराम विचारायचा, मोहिनी विचारायची, पुतळाबाई पिंपळगावच्या आपल्या घरून द्राक्षं घेऊन आली आणि तिनंही विचारलं.

मीही विचारलं. "कुसाबाई, सांगा काय करून आणू. काहीही सांगा. नागलीची भाकर आणू?"

ती विचार करत राहिली. मला वाटलं डोळा लागला. मग हसली. "सुचतच नाय वहिनी," ती म्हणाली. "मला काय आवडतंय, ते इचार करून बी सुचत नाय. नागली... माह्यारी तीच असायची म्हनून खायचो. आवडायची का नाय, कुनाला ठाव."

आषाढात ती गेली. सवाष्ण गेली म्हणून हिरवी साडी नेसवली, मळवट भरला, आणि आलेल्या बायका तिच्या कुंकवाचं बोट आपल्या कपाळाला लावत म्हणत होत्या, भाग्याची होती. मला तिथून उठून जावंसं वाटत होतं. गळ्यातला टाक पुतळाबाईनं काढून मोहिनीच्या हातात दिला. पोरगी रडलीसुद्धा नाही. "मावशी, मावशी" म्हणत तिचे चट्टे पडलेले हात चोळत बसली होती, थंडी वाजत असल्यासारखे.

पुढल्या आषाढात वर्षश्राद्ध झालं आणि भाद्रपदात नवमी आली. दोन्ही बायका नवऱ्याआधी गेलेल्या, म्हणून आता दोन पानं. पुतळाबाई आदल्या दिवशीच येऊन ठेपली. दुसरी सवाष्ण म्हणून गल्लीतल्या भिमाबाईला सांगितलं. मोहिनी म्हणाली, स्वयंपाक मी करणार. सकाळी मी मदतीला गेले तेव्हा तिनं मागच्या अंगणात तीच चूल पेटवली होती, तेच खापर उपडं घातलं होतं, आणि ओढणी कमरेला खोचून कणीक आपटत होती.

"झुंबरच्या पानात मांडा," पुतळाबाई बोटं मोजत म्हणाली. "अन् कुसाच्या पानात काय? तिच्या आवडीचं काय करायचं?"

मोहिनीचे हात थांबले. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी नाही म्हणून मान हलवली. ती आत गेली आणि बापाला विचारलं, "बाबा, मावशीला काय आवडायचं?"

सावळीराम खाटेवर बसला होता. हातात पेपर होता, पण वाचत नव्हता. त्यानं छताकडे बघितलं. "खीर," तो म्हणाला. "तांदळाची खीर आवडायची तिला."

मी दारातच होते. मला राहवलं नाही. "खीर तुम्हाला आवडते, भाऊजी."

त्यानं पेपर खाली ठेवला. त्याची मान खाली गेली ती वर आलीच नाही. "मग मला नाही माहीत," तो म्हणाला. त्याच्या आवाजात असं काही होतं की मला बोलल्याचं वाईट वाटलं. बारा-तेरा वर्षं एका ताटासमोर काढलेला माणूस.

मोहिनीनं सटाण्याला आजीच्या शेजाऱ्यांच्या फोनवर फोन लावला. नवसाबाई आता फार थकली होती, तिला यायला वेळ लागला. पोरगी मोठ्यानं पुन्हा पुन्हा विचारत होती. पलीकडून काय आलं ते ऐकून तिनं फोन ठेवला.

"काय म्हणाली?" पुतळाबाईनं विचारलं.

"‘आम्ही तिले कधी इचारंच नही, माय.’"

मोहिनी परत अंगणात आली आणि चुलीपाशी बसली. तशीच उकिडवी, जशी कुसाबाई बसायची. मला वाटलं आता ही रडेल. पण तिनं कणकेचा गोळा घेतला. पहिला मांडा फाटला. दुसरा फाटला, पुरण जाळात गेलं. तिसऱ्याला कडेनं चीर गेली. मनगटाला चटका बसला तर तिनं नुसता हात झटकला. पुतळाबाई आतून ओरडत होती की बाराच्या आत पानं वाढली पाहिजेत. मी म्हटलं, "मोहिनी, हात ढिला सोड." कुठून सुचलं कोण जाणे.

पुढचा मांडा अख्खा उतरला. तेवढा एकच. पुरण संपलं होतं.

आत दोन पाट मांडले होते, पानांभोवती रांगोळी. मी सवयीनं झुंबरच्या पाटावर बसायला गेले. "काकू, तुम्ही तिथं नाही," मोहिनी म्हणाली. "तुम्ही मावशीच्या पाटावर." भिमाबाई झुंबरच्या पाटावर बसली. पाय धुतले, ओट्या भरल्या. मग मोहिनी मागच्या दारातून आली, दोन्ही हात पसरून, पाय सरकवत.

ती झुंबरच्या पानापाशी आली, थांबली, आणि पुढे माझ्याकडे आली.

"अगं, तो झुंबरचा आहे," पुतळाबाई म्हणाली. "मांडा तुझ्या आईचा. आईच्या पानात वाढ."

"आईच्याच पानात वाढतेय," मोहिनी म्हणाली. तिनं अख्खा मांडा घडी घालून माझ्या पानात ठेवला. फाटलेल्यांतला त्यातल्या त्यात बरा घेऊन तिनं झुंबरच्या पानात वाढला, टाक त्या पानाला टेकवला आणि हात जोडले. "तू रागावू नकोस," ती टाकाला म्हणाली. "हिनं आजपर्यंत फाटकेच खाल्लेत."

सावळीराम दाराच्या चौकटीला धरून उभा होता.

मी जेवले. मांडा बरा झाला होता, मीठ जरा जास्त. तरी सगळा खाल्ला, कारण जेवणारी मी नव्हते, कुसाबाई होती. वडे खाल्ले, भाजी खाल्ली, कढी प्यायले. वाढताना पोरगी माझ्या तोंडाकडे बघत होती, कशावर हात जास्त जातोय ते. जणू आता तरी कळेल.

शेवटी ती माझ्यासमोर हात जोडून बसली. मनगटावर लाल पट्टा उठला होता.

"आई," मोहिनी मला म्हणाली, "पोट भरलं का?"

माझ्या कानांनी ते ऐकलं. ज्या बाईनं ते ऐकायला हवं होतं ती तिथं नव्हती, तिच्या पाटावर मी होते. इतकी वर्षं सांगितल्यासारखं "भरलं" म्हणायचं तोंडात तयार होतं. पुतळाबाई वाट बघत होती.

"नाही भरलं," मी म्हणाले. "अजून वाढ."

"असं नसतं म्हणायचं," पुतळाबाई दचकून म्हणाली. "जीव अडकून राहतो अशानं."

"राहू दे," मी म्हणाले.

मोहिनी उठली. आतून कढईतलं, पातेल्यातलं, होतं नव्हतं ते सगळं घेऊन आली आणि माझ्या पानात वाढायला लागली. ती वाढत होती, रडत होती, आणि मी एकेक घास खात होते.